आपल्या गावात ओपन सोर्सचा कट्टा कसा सुरू करावा, कसा टिकवावा

लिनक्स ही विंडोजसारखी, पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम: तिचा कोड, म्हणजे ज्या सूचनांवर ती चालते तो मजकूर, कुणालाही वाचता-बदलता येतो. ती वापरणारी माणसं आज जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. कुणी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतं, कुणी शाळेत संगणक शिकवतं, कुणाचं बसस्टँडजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान असतं. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या खोलीत एकटाच वाय-फायच्या ड्रायव्हरशी (यंत्राचा तो भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशी) झगडत बसतो आणि पुष्कळदा कंटाळून सोडून देतो.

१९९६ साली पीसीक्वेस्ट मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, तेव्हा डायल-अपवरून, म्हणजे फोनलाइनच्या संथ इंटरनेटवरून, एवढं काही उतरवून घेणं अशक्यच होतं. मग एकानं सीडी आणायची, बाकीच्यांनी ती फिरवायची, आणि अडलं की एकमेकांच्या घरी जायचं. देशात ठिकठिकाणी लिनक्स युजर ग्रुप उभे राहिले ते याच गरजेतून. पुण्यातला प्लग, म्हणजे पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप, आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारी ग्नुनिफाय परिषद यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा या जगात आणलं. आता सीडीची गरज उरली नाही, पण शेजारी बसून शिकण्याची गरज तेवढीच आहे. व्हिडिओ बघणाऱ्याला नेमकं कुठे अडलंय हे व्हिडिओला कळत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला ते चेहऱ्यावरून कळतं.

पुढे लिहिलंय ते जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात असा कट्टा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी. मोठ्या शहरात कंपन्या, प्रायोजक, वक्ते सगळं मिळतं. लहान गावात यातलं काहीच मिळत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

तीन माणसं, एक वार, एक जागा

सुरुवातीला तीन माणसं पुरतात. एकाला थोडंफार येत असावं, एकाला मनापासून शिकायचं असावं, आणि एकाच्या गावात ओळखी असाव्यात. हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा. खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि पत्र कुणाच्या नावे लिहायचं हे त्यालाच माहीत असतं.

वार ठरवताना कुणाला कधी जमेल याची विचारपूस करत बसू नका, त्यात महिने जातात. ‘दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी १० ते १’ असं एकदाच जाहीर करा आणि मग ते मोडू नका. पाऊस असो, परीक्षा असोत, दोनच जण येणार असोत, बैठक व्हायलाच हवी. कट्टा आहे की बंद पडला हे लोकांना विचारावं लागलं, की तो निम्मा बंद पडलेला असतो. सकाळची वेळ मी मुद्दाम सुचवतो आहे. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्यांना परतीची एसटी उजेडी मिळते, आणि ‘रात्री उशीर होईल’ या एका कारणानं कित्येक मुलींना घरून नकार मिळतो तो टळतो. तुम्हाला रविवार जमत नसेल आणि मधला वार घ्यायचा असेल, तर तुमच्या भागात देखभालीसाठी वीज कोणत्या वारी बंद असते ते आधी बघा.

जागेसाठी मी सगळ्यात आधी सार्वजनिक वाचनालयात जाईन. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, आणि त्यांतल्या अनेकांकडे महिन्यातून एखाद्या वेळी वापरली जाणारी एक खोली असते. ग्रंथपालांना भेटून, एका पानाचं साधं मराठी पत्र द्या: काय करणार, किती जण येणार, वीज किती लागेल, खोली झाडून कोण देणार. कॉलेजची लॅब दिसायला सोयीची असते, पण तिथे गेटवर ओळखपत्र लागतं, लॅबच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची मुभा नसते, आणि नववीतली मुलगी किंवा निवृत्त पोस्टमास्तर तिथे पाऊल टाकायला संकोचतात. वाचनालयात कुणीही येऊ शकतं.

सामान फारसं लागत नाही. चांगल्या वायरचे तीन-चार एक्स्टेंशन बोर्ड, एक जुना टीव्ही आणि त्याची एचडीएमआय केबल, आणि मोबाइलचं हॉटस्पॉट. प्रोजेक्टर भाड्यानं आणू नका. मोठा पडदा आला की भाषण सुरू होतं.

पहिल्या बैठकीत काय करायचं

भाषण ठेवू नका. सगळ्यांनी गोलात बसायचं आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: नाव, संगणकावर रोज काय काम करतो, आणि सध्या कुठे अडलंय. ‘अडलंय’ ते फळ्यावर लिहीत जा. ‘पीडीएफ जोडता येत नाही’, ‘लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात’, ‘पायथन शिकायचंय पण सुरुवात कुठून करू’. ती यादी म्हणजेच तुमचे पुढचे काही महिने.

मग दहा मिनिटांत मूळ विचार सांगा. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर असा समज असतो, म्हणून चार स्वातंत्र्यं नीट सांगायला हवीत: हव्या त्या कामासाठी वापरण्याचं, आतलं बघून शिकण्याचं आणि बदलण्याचं, प्रती वाटण्याचं, आणि आपण बदललेली प्रत वाटण्याचं. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं दुसरं स्वातंत्र्य सगळ्यात मोलाचं. ज्या प्रोग्रॅमवर आपण रोज काम करतो त्याचा कोड उघडून वाचता येतो, ही गोष्ट बारावीतल्या मुलाला पहिल्यांदा कळते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

उरलेल्या वेळात फळ्यावरचा एखादा प्रश्न तिथल्या तिथे सोडवा. सोपा निवडा, पण पूर्ण सोडवा. पीडीएफ जोडणं हे उत्तम उदाहरण आहे: विंडोजवरही चालणारं एखादं मुक्त सॉफ्टवेअर घ्या, फाइल जोडून द्या, माणूस समाधानानं घरी जाऊ द्या. पहिल्याच दिवशी कुणाला विंडोज काढायला लावू नका. व्हीएलसी (व्हिडिओ), फायरफॉक्स (ब्राउझर), लिबरऑफिस (कागदपत्रं), इंकस्केप आणि गिंप (चित्रं, फोटो) हे सगळं विंडोजवर चालतं आणि तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं आहे.

इथे प्रामाणिकपणाही पाळायला हवा. ज्याचे हिशोब टॅलीवर आहेत, ज्याचं डीटीपीचं दुकान कोरलड्रॉ आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर चालतं, ज्याला डिजिटल सहीचं टोकन वापरून निविदा भराव्या लागतात, त्याला ‘सगळं लिनक्सवर होतं’ असं सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं आहे. त्याला सांगा, विंडोज ठेवा, शेजारी हेही शिका.

किबोर्ड शिकणाऱ्याच्याच हातात

कट्ट्याचा एकच नियम निवडायला सांगितला तर मी हा निवडेन: मदत करणाऱ्यानं किबोर्डला आणि माउसला हात लावायचा नाही.

हे पाळणं फार कठीण असतं. समोरचा चुकीच्या मेन्यूत शिरतोय हे दिसत असतं, आपले हात शिवशिवत असतात, दोन सेकंदांचं काम असतं. पण त्या दोन सेकंदांत तुम्ही त्याचं शिकणं हिरावून घेता, आणि पुढच्या महिन्यात तो तेच विचारायला येतो. त्यामुळे हात मागे ठेवा आणि तोंडानं सांगा. तेही उत्तर लगेच सांगू नका. आधी विचारा, ‘स्क्रीनवर काय लिहून आलंय? मोठ्यानं वाच.’ एरर मेसेज वाचायचाच नाही, बघताक्षणी बंद करायचा, ही सवय जवळपास प्रत्येकाला असते. मोठ्यानं वाचल्यावर निम्म्या वेळा उत्तर त्याचं त्यालाच सापडतं.

कमांड, म्हणजे टर्मिनल या खिडकीत टाइप करायची आज्ञा, सांगताना आधी तिचा अर्थ सांगा, मग टाइप करायला लावा. विशेषतः ‘सूडो’नं (हा शब्द कमांडला प्रशासकाचे हक्क देतो) सुरू होणारी कोणतीही ओळ कुठून तरी उचलून तशीच चिकटवू द्यायची नाही. प्रत्येक शब्द काय करतो हे विचारा. माहीत नसेल तर दोघांनी मिळून मॅन्युअल पान उघडायचं. ज्येष्ठ माणूसही मॅन्युअल उघडून बघतो, त्यालाही सगळं पाठ नसतं, हे नवख्यानं बघणं फार गरजेचं आहे.

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये प्रोग्रॅमर काही आठवडे एकत्र येऊन आपापलं शिकतात. तिथले सामाजिक नियम थोडक्यात असे: कुणाला एखादी गोष्ट माहीत नाही म्हणून आश्चर्य दाखवायचं नाही, मुद्द्याला धक्का न लावणारी बारीक चूक काढून बोलणं तोडायचं नाही, दुरून ऐकून मध्येच सल्ला फेकायचा नाही, आणि आडून का होईना, कुणाला तिच्या किंवा त्याच्या ओळखीवरून कमी लेखायचं नाही. पहिला नियम आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतो. ‘अगं, तुला टर्मिनल माहीत नाही?’ या एका वाक्यानं आलेली मुलगी पुन्हा येत नाही. हे नियम मराठीत लिहून भिंतीला लावा आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कुणीतरी वाचून दाखवा.

बोलणं मराठीतच ठेवा. फाइल, फोल्डर, कर्नल, पॅकेज हे शब्द आहेत तसे चालतात, समजावणं मात्र आपल्या भाषेत हवं. कुणाला घरी सराव करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे द्या. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सी अशा विषयांचे हे छोटे दृक्‌श्राव्य धडे अनेक भारतीय भाषांत आहेत, मराठीतही आहेत, आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय बघता येतात. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तेच करून बघायला खुलं सॉफ्टवेअर, अशी त्यांची पद्धत आहे आणि ती खरंच उपयोगी पडते.

इन्स्टॉल मेळावा

तीन-चार बैठका झाल्या की इन्स्टॉल मेळावा घ्या. सध्या त्याला चांगलं निमित्त आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे हार्डवेअर चांगलं असलेले असंख्य लॅपटॉप सुरक्षा अपडेटविना पडून आहेत. सप्टेंबरमधल्या तिसऱ्या शनिवारी जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे साजरा होत आला आहे. तोही दिवस घेता येईल.

आठवडाभर आधीची तयारी अशी. प्रत्येक येणाऱ्याकडून मॉडेल, रॅम आणि डिस्कची माहिती मागवा. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या नवख्यांना सोप्या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, पण त्या किमान आकड्यांवर भरवसा ठेवून कुणाला शब्द देऊ नका. २ जीबीवाल्याला लुबुंटूसारखं हलकं काही द्या आणि ब्राउझर जड जाईल हे आधीच सांगा. अगदी जुनं ३२-बिट मशीन असेल तर डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) १२ पर्यंतच इन्स्टॉलर मिळतो, डेबियन १३ मध्ये तो नाही. आणि फिरत्या डिस्कचा लॅपटॉप असेल तर त्यात एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याइतका फरक कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम पाडत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याला मेळाव्याला बोलवा. त्याला काम मिळतं, तुम्हाला स्क्रूड्रायव्हर आणि अनुभव.

आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायच्या सिस्टीमची एकसंध प्रत) आदल्या दिवशीच उतरवून तिचा शा-२५६, म्हणजे फाइल बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा, तपासा. पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन टाकलं की त्यात अनेक आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या काही मशीनवर मात्र व्हेंटॉय अडतं, म्हणून एकच आयएसओ लिहिलेले एक-दोन साधे पेन ड्राइव्हही ठेवा. इंटरनेटची अडचण असेल तर एका लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी चालवा. पहिल्या मशीननं उतरवलेली अपडेट पॅकेजेस तो साठवतो आणि बाकीच्या मशीनना तिथल्या तिथे देतो. मोबाइल डेटावर पंधरा मशीन अपडेट करायच्या असतील तर याला पर्याय नाही.

मेळाव्याच्या दिवशी दारातच एक टेबल ठेवा. तिथे एकच काम: बॅकअप. ‘बॅकअप नाही तर इन्स्टॉल नाही’ हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही, वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मुलासाठीही नाही. लग्नाचे फोटो आणि प्रबंधाची फाइल परत आणता येत नाही. बाहेरच्या डिस्कवर कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-तीन फाइल उघडून बघा, मगच पुढे सोडा.

विंडोजही ठेवायचं असेल तर क्रम असा. आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू असतं. चालू असेल तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा) कागदावर लिहून घ्या, नाहीतर बूटची सेटिंग बदलल्यावर विंडोज तीच मागतं आणि ती कुणाकडेच नसते. मग फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पुरतं बंद होतच नाही आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिहिता येत नाही. त्यानंतर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा, आणि मशीन एकदा रीस्टार्ट करून विंडोज नीट उघडतंय ना ते बघा.

आता पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करता चालणारी) सुरू करायची, पण इन्स्टॉल लगेच नाही. पंधरा मिनिटं नुसती वापरून बघायची: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करणं, झाकण मिटून उघडणं. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा, म्हणजे त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या; बहुतेक वेळा ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) इंटेलचा रेड किंवा व्हीएमडी हा डिस्क हाताळायचा मोड चालू आहे का ते बघावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर तो घाईनं बदलू नका, विंडोज सुरू होणं थांबू शकतं. त्या मशीनसाठी वेगळी वेळ द्या.

शेवटचं ‘इन्स्टॉल’ बटण मालकानंच दाबायचं. मदतनीस शेजारी बसून प्रत्येक पडद्यावर विचारतो, ‘इथे काय लिहिलंय, आता काय होणार?’ वेळ जास्त लागतो, म्हणून एका मदतनिसाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त मशीन नकोत.

सिस्टीम बसली म्हणजे काम झालं असं नाही. अपडेट, मराठी किबोर्ड, प्रिंटर आणि रोज लागणाऱ्या एका फाइलचं उघडणं, हे चारही झाल्याशिवाय कुणाला घरी पाठवू नका. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात, त्यांची नावं फळ्यावर लिहून ठेवा. किबोर्डसाठी आयबस (टाइप करायची भाषा बदलायचं साधन) आणि इनस्क्रिप्ट ही मराठी अक्षरांची मांडणी दाखवा आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द टाइप करून घ्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ (J) ही कळ दाबली की ‘ऱ’ येतो, मग ‘डी’नं (D) हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग ‘य’. मराठी माणसाला संगणक आपला वाटतो तो अशा क्षणी.

वापरण्याकडून योगदानाकडे

नुसता वापर करणारा कट्टा वर्षभरात सुस्तावतो. लोकांची मशीन चालू झाली, आता यायचं कशाला? म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यापासून योगदानाच्या बैठका सुरू करा. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही.

सगळ्यात सोपी सुरुवात ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशापासून. आपलं गाव त्यात उघडायचं आणि काय नाही ते बघायचं. बहुतेक लहान गावांत अर्धे रस्ते आणि शाळा नसतात, आणि जे असतं त्याला मराठी नाव नसतं. प्रत्येक जागेला मराठी नावासाठी स्वतंत्र नोंद करता येते. दोघादोघांनी एक-एक गल्ली फिरून यायचं, दुकानं, देवळं, दवाखाने, पाणवठे टिपून आणायचे आणि परत येऊन भरायचे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काही उतरवायचं नाही, ते परवान्याविरुद्ध आहे. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच भरायचं. ज्यांनी आयुष्यात कोड लिहिला नाही अशा ज्येष्ठांना यात मुलांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्या दिवशी शिकवणारा आणि शिकणारा यांची जागा बदलते. कट्ट्याला त्याची फार गरज असते.

दुसरं काम भाषांतराचं. फायरफॉक्सचं ते बनवणाऱ्या मोझिलाच्या पॉन्टून या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं, इतर अनेक प्रकल्पांचं वेबलेटवर. एकट्यानं बसून शेकडो ओळी भाषांतरित करू नका. चौघांनी मिळून वीस-तीस ओळी घ्या, मोठ्यानं वाचा, आजीला कळेल का ते विचारा. आधीच्या भाषांतरकारांनी काय शब्द वापरलेत ते आधी बघा आणि तेच वापरा. फ्युएल प्रकल्पानं नेहमी लागणाऱ्या संगणक शब्दांची यादी मराठीतही केली आहे, ती जवळ ठेवा. यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता पाठवणं हा तुमच्या आधी वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचा अवमान आहे.

तिसरं, दोष कळवणं. मराठी वापरकर्त्यांना जे दोष दिसतात ते बाकी जगाला दिसतच नाहीत. एखाद्या प्रोग्रॅममध्ये ‘ऱ्या’ तुटतो, शोधात ‘र्‍या’ आणि ‘ऱ्या’ वेगळे धरले जातात, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ न येता हिंदी वळणाचे येतात. असा दोष सापडला की आधी तो कुणी कळवलाय का ते शोधा. नसेल तर एका अहवालात एकच दोष लिहा: प्रोग्रॅमची आणि सिस्टीमची आवृत्ती, कोणत्या पायऱ्या केल्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एक स्क्रीनशॉट. देवनागरी न येणाऱ्या डेव्हलपरला कळावं म्हणून बरोबर आणि चूक अशी दोन चित्रं शेजारी ठेवा. ही शिस्त अंगी आली की पोरांना नोकरीतही उपयोग होतो.

कोडकडे वळायचं असेल तर पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारा अशी विनंती) कट्ट्याच्याच भांडारात होऊ द्या. कट्ट्याच्या नोंदी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेवा, कोडबर्ग किंवा तत्सम संकेतस्थळावर, आणि प्रत्येक नव्या सदस्यानं त्यात आपण शिकलेली एक गोष्ट घालायची: फोर्क (भांडाराची आपली प्रत), क्लोन (ती आपल्या मशीनवर घेणं), वेगळी ब्रँच (बदलासाठी शाखा), कमिट (बदलाची नोंद), पुश (ती वर पाठवणं), पुल रिक्वेस्ट. दुसऱ्या सदस्यानं ती वाचून सूचना करायची. इथे चुकलं तरी कुणाचं नुकसान नाही. परक्या प्रकल्पात जाण्याआधी महिनाभर तिथलं संभाषण नुसतं वाचावं.

टी-शर्ट, प्रमाणपत्र, रेझ्युमेची ओळ यांच्यासाठी योगदान करायला कुणाला ढकलू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरातला योगदानाचा उपक्रम) टी-शर्टसाठी लोकांनी कितीतरी प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा मारा केला. शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी आहे तेवढेच त्यात घ्यावे लागले. तो त्रास प्रकल्प सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना झाला, आणि त्यातल्या बऱ्याच पुल रिक्वेस्ट भारतातून होत्या हे आपण विसरू नये. गूगल समर ऑफ कोडसारख्या (मार्गदर्शकाबरोबर मुक्त प्रकल्पात काम करायच्या) उपक्रमांची माहिती जरूर द्या. तो २००५ पासून चालतो आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. पण निवड होते ती बहुधा ज्यांनी आधी त्या प्रकल्पात काम केलंय त्यांची, हेही सांगा.

पैसा आणि वागणूक

नोंदणी, घटना, पदाधिकारी यांच्या फंदात पहिली दोन वर्षं पडू नका. चहाचा खर्च डब्यातल्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. जमाखर्च दर बैठकीत फळ्यावर लिहा. कुणी दुकानदार पैसे देऊ लागला तर पैशांऐवजी एक्स्टेंशन बोर्ड किंवा पेन ड्राइव्ह मागा.

वागणुकीचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून लिखित हवेत. तक्रार कुणाकडे करायची अशी दोन नावं द्या, त्यातलं एक बाईचं असावं. गटातले मोबाइल नंबर बाहेर कुणाला द्यायचे नाहीत आणि मुलींना वैयक्तिक संदेश पाठवत बसायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा. सतरा-अठरा वर्षांची मुलं येत असतील तर त्यांच्या पालकांना एकदा बैठकीला बोलवा. शिकवण्यात कितीही हुशार असलेला माणूस इथे चुकला तर त्याला थांबवावं लागतं, आणि ते काम पुढे ढकलू नये.

पुढच्यांच्या हाती देणं

असे गट बंद पडतात ते बहुधा एका माणसाच्या बदलीनं, लग्नानं किंवा पुण्यातल्या नोकरीनं. म्हणून दर बैठकीचं संचालन वेगळ्या माणसाकडे द्या, अगदी तिसऱ्या बैठकीपासून. नवख्याकडे दिलं तर उत्तम, कारण तो सोपे प्रश्न विचारतो. वाचनालयाच्या ग्रंथपालांशी दोघांची तरी ओळख हवी. कट्ट्याच्या खात्यांचे पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये ठेवून ती तिघांकडे द्या, आणि वर्षातून एकदा ती तिघांनाही उघडता येते का ते बसून बघा. नोंदींच्या भांडारात ‘बैठक कशी घ्यायची’ असं एक पान ठेवा: किल्ली कुणाकडे, मीटर कुठे, चहा कुठून, बोर्ड कोणत्या कपाटात, ग्रंथपालांना किती दिवस आधी कळवायचं. गाव सोडून जाणाऱ्यानं ते पान अद्ययावत करून पुढच्या माणसाला वाचायला लावावं, आणि त्यानं पुढची बैठक त्या पानाच्या आधारे, कुणालाही फोन न करता, घेऊन दाखवावी. अडलं तर जिथे अडलं ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करावी.